नाकातून वायर लोंबणारी गाडी

विनिपेग, मॅनिटोबा
१८ जानेवारी

ती. आबा आणि ती. सौ. आई,


गाडीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकल्यापासून कराडात जे काही पसरलंय, ते आधी आवरते. आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतलेली नाही. पुढच्या जाळीतून जी वायर लोंबताना दिसते ती चार्जिंगची नाही. ही आपली जुनीच, २०१२ ची प्रियस. हायब्रिड आहे, पण पेट्रोलवरच चालते. ब्रेक दाबला की, किंवा इंजिन चालू असताना, बॅटरी आपली आपण भरते. बाहेरून त्या बॅटरीत एक युनिटसुद्धा घालायची सोय नाही. आणि तरीही रोज रात्री आम्ही तिला भिंतीवरच्या प्लगला जोडतो. इथवर वाचून तुम्ही चष्मा काढून आईंकडे बघितलं असणार, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर सांगायला गेलं की तुमचं "ते राहू दे, ऑइल कुठलं घातलंय ते सांग" मध्येच येतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

आज सकाळी इथे उणे ३१ होतं. तुमच्या फोनने उणे ४३ दाखवलं आणि तुम्ही संध्याकाळचा चहा टाकून आम्हाला फोन लावलात. ते उणे ४३ वाऱ्यासकट धरलेलं. वारा हा माणसाच्या कातडीचा प्रश्न, आणि गाडीला कातडी नाही. हवा उणे ३१ असली तर वारा कितीही सुटो, इंजिन त्याच्या खाली उतरत नाही, फक्त तिथवर लवकर पोचतं. पोर्टेज आणि मेन या रस्त्यांचा चौक म्हणजे इथला वाऱ्याचा अड्डा. लोक त्याचं कौतुक सांगताना थकत नाहीत. तिथे हाल होतात ते माझ्या नाकाचे. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात फोटो येतो. इथे उणे १० झालं की शेजारी जॅकेटची चेन उघडून "आज बरं आहे" म्हणतात.

आता ती वायर. ती जाते इंजिनाच्या ब्लॉकला बसवलेल्या हीटरकडे. तुमच्या न्हाणीघरात पाणी तापवायचा रॉड आहे ना, तोच प्रकार, फक्त अशक्त. तुमचा हजार-दीड हजार वॅटचा, आमचा ४०० चा. पुष्कळ गाड्यांत तो कूलंटमध्येच बुडलेला असतो. आमच्या गाडीत ब्लॉकला एक कोरडं भोक आहे, त्यात उष्णता धरणारी पेस्ट लावून कांडी सरकवतात. भोक इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे हात पोचू नये अशा बेताने ठेवलेलं. आधीच्या मालकाने हे काम करून घेतलं होतं, म्हणून आम्ही सुटलो. तुमच्या चिरंजीवांनी "नुसतं बघतो" म्हणून हात घातला, तर हात गेला, पण मनगटावरचं घड्याळ बाहेर यायला तयार होईना.

ही युक्ती मूळची इथून दोन-अडीच तासांवरची, सीमेपलीकडच्या नॉर्थ डाकोटातली. अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थांनी इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा बोल्ट घालायचं काढलं. १९४९ च्या नोव्हेंबरात त्याचं पेटंट त्यांना मिळालं. त्याआधी या मुलखात लोक रात्री इंजिनातलं ऑइल डब्यात काढून घरात आणून ठेवत आणि सकाळी परत ओतत. कुणी इंजिनाखाली निखारे सारत, कुणी ब्लॉकवर कढत पाणी ओतत. मला तुम्ही सांगितलेल्या मुक्कामी एसट्या आठवल्या. पाटणच्या वरच्या अंगाला ड्रायव्हर रात्री गाडी उतारावर लावायचे आणि सकाळी ब्रेक सोडून गियर टाकायचे. इथे तेही जमलं नसतं. विनिपेगात उतारच नाही, चहूकडे परात उपडी घातल्यासारखं सपाट.

हीटर रात्रभर लावायची गरज नसते. दोन-तीन तासांत जेवढं तापायचं तेवढं तापतं, पुढे आपण मॅनिटोबाची हवा गरम करत बसतो. म्हणून टायमर लावलाय, पहाटे चारचा. तीन तासांना सुमारे सव्वा युनिट. इथे युनिटला साधारण दहा सेंट पडतात, म्हणजे सगळा खेळ बारा-तेरा सेंटांचा. वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची, उत्तरेला नेल्सन नदीवर धरणं आहेत. कोयनेच्या शेजारी राहणाऱ्यांना याचं काय नवल! वायरच्या टोकाला एक छोटा दिवा आहे, वीज आली की तो लागतो. तुमचे चिरंजीव चारला उठतात, पडदा सरकवून दिवा लागला का बघतात आणि पुन्हा झोपतात. मग टायमर कशाला घेतला, असं मी विचारलं. म्हणाले, टायमर गाडीसाठी आणि मी टायमरसाठी.

सकाळी वायर काढायला विसरून गाडी हाकणारे दर हिवाळ्यात निघतात. मग भगव्या रंगाची वायर रस्त्यावर फरफटत गाडीमागे येते आणि सगळा चौक हॉर्न वाजवतो. शेजारचे आजोबा युक्रेनियन घराण्यातले, त्यांचे वडील इथे शेती करायला आले. त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं की वायरचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला द्यायचा, म्हणजे दार उघडताना ती हाताला लागतेच. त्यांनी आधी वायर शिकवली आणि मग नाव विचारलं.

आता ऑइल. इथे मी पदर खोचून बसते.

आबा, तुमची हयात आगाराच्या वर्कशॉपमध्ये गेली. चिमटीत घेतलं की तार सुटली पाहिजे, ते ऑइल, बाकी सगळं पाणी, हे तुमचं मत लग्नाच्या बोलणीतसुद्धा आमच्या बाबांनी ऐकलंय. आमच्या गाडीच्या झाकणावर छापलंय '०डब्ल्यू-२०'. हे कळल्यावर तुम्ही जे म्हणालात, "शून्य नंबरचं ऑइल? म्हणजे रॉकेलच की!", ते स्पीकरवर होतं आणि तुमची नात अजून शाळेत म्हणून दाखवते.

ते शून्य दाटपणाचं नाही. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा (डब्ल्यू म्हणजे विंटर) आणि दुसरा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवर मोजलेला. एसएई या संस्थेची जी प्रतवारी जगभर चालते, तिच्यात ०डब्ल्यू ऑइलला उणे ३५ ला इंजिन फिरू द्यावं लागतं आणि उणे ४० ला पंपाने ओढलं जावं लागतं. तुमच्या कपाटातल्या २०डब्ल्यू-४० ची हीच परीक्षा उणे १५ आणि उणे २० ला संपते. त्याच्या खाली ते काय करेल, याची हमी डब्यावर कुणीच दिलेली नाही. कराडात त्याची गरजही नाही. आणि गंमत ऐका. उणे ३१ ला आमचं हे 'रॉकेल' तुमच्या मे महिन्यातल्या चाळीस नंबरपेक्षा कितीतरी दाट असतं. म्हणजे दाट ऑइलचा तुमचा आग्रह आम्ही मोडलेला नाही, ते दाट करायचं काम फक्त इथली हवा करते.

तुम्हीच ड्रायव्हरांना ओरडायचात ना, सकाळी सुरू केल्या केल्या रेस करू नका, ऑइल वर चढू दे! रात्री सगळं खाली सम्पमध्ये उतरलेलं असतं, वरच्या भागांना पहिले काही क्षण ते पोचतच नाही आणि घासाघीस तेव्हाच होते. इथे ते क्षण लांबतात. त्यात हायब्रिडची आणखी एक तऱ्हा. हिला सेल्फच नाही. दोनशे व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवरची मोटर इंजिनाला गर्रकन फिरवते आणि मग पेट्रोल जातं. साध्या गाडीचा सेल्फ थंडीत कण्हतो आणि आपल्याला कळतं की आत काहीतरी आवळलंय. ही कण्हत नाही. उणे ३१ मध्येही मुकाट सुरू होते, म्हणून लोकांना वाटतं की हिला हीटरही नको आणि ऑइलचा विचारही नको. मला उलट वाटतं. जी तक्रार करत नाही तिच्याकडे जास्त बघावं लागतं. (आई, हे वाक्य चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवा.)

एक मात्र खरं. डिकीतली बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, आणि गाडी ढिम्म. छोटीने कॉम्प्युटर जागा केल्याशिवाय मोठीला कामच सांगता येत नाही. धक्का मारूनही उपयोग नाही. चार पोरं बोलावून गाडी ढकलायची तुमची विद्या या गाडीपुढे चालत नाही, हे लिहिताना मलाही जड जातंय.

मागच्या महिन्यात ऑइलच्या झाकणाचा जो फोटो पाठवला होता, आतून पांढरी साय धरलेला, त्यावर तुम्ही एका मिनिटात निदान केलंत की हेड गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी आलंय. आपल्याकडे तेच निदान बरोबर ठरलं असतं. इथे शाळा जवळ, वाण्याचं दुकान जवळ. इंजिन पुरतं तापायच्या आत आम्ही पोचलेलो असतो. मग आतली वाफ झाकणाला धरते आणि ऑइलशी मिसळून साय होते, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. कूलंटची पातळी रेषेवर आहे, पट्टीवरचं ऑइल स्वच्छ आहे, म्हणजे गॅस्केट शाबूत. रविवारी गाडी हमरस्त्याने तासभर पळवून आणली की साय जाते. पण म्हणूनच आम्ही ऑइल किलोमीटरवर न सोडता महिने मोजून बदलतो. मीटर म्हणतं अजून निम्मेही झाले नाहीत. मीटरला थंडी वाजत नाही.

"गाडी किती देते?" हा तुमचा दर फोनचा प्रश्न. उन्हाळ्यात लिटरला वीसच्या वर, हिवाळ्यात विचारू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने साधी गाडी उणे ७ ला आखूड फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत मार खाते आणि हायब्रिड ३० ते ३४ टक्के. कारण असं की सिग्नलला इंजिन बंद करणं हीच हिची कमाई, आणि कूलंट गार असेल तर ही इंजिन बंदच करत नाही. शिवाय इंजिन काटकसरी, उष्णता वाया घालवत नाही, म्हणजे पाय शेकायला उरते काय? म्हणून आमच्याकडे हीटरचं खरं काम गाडी सुरू करणं नाही, ती लवकर बंद होऊ देणं आहे. आधीच्या पिढीच्या प्रियसमध्ये यावर एक झकास उपाय होता. कूलंटचा चक्क थर्मास, तीन लिटरचा, त्यात तीन दिवसांपर्यंत पाणी गरम राहायचं. पुढच्या पिढीत तो काढून धुराड्यातली उष्णता वापरायला लागले. माझ्या मते हे नुकसानच.

आता जे सांगते त्याने तुम्हाला त्रास होईल, तरी सांगते. आम्ही रेडिएटरसमोरच्या जाळीत फोमच्या नळ्या खोचून हवा बंद केली आहे. खंबाटकीत उकळलेल्या रेडिएटरांवर बादल्या ओतण्यात तुमची उमेद गेली, आणि तुमचाच मुलगा रेडिएटरला हवा लागू नये म्हणून नळ्या कापत बसतो. थंडी ओसरली की आठवणीने काढतो. पुढेच इन्व्हर्टरचाही रेडिएटर असतो, तोही तापलेला परवडत नाही. इन्व्हर्टर म्हणजे तुमचा लाइट गेल्यावर पंखा फिरवणारा नव्हे, पण जातभाईच, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा. आईंनी बोनेटवर घालायला गोधडी शिवायला घेतली आहे म्हणे. गोधडी जरूर पाठवा, पण ती माझ्या पायांवर जाईल. तापलेल्या इंजिनावर कापड ठेवायला मी देणार नाही.

येत्या महिन्यात इथल्या एका मैत्रिणीचे आईवडील साताऱ्याहून येताहेत. त्यांच्याबरोबर तुम्ही ऑइलचा पाच लिटरचा डबा द्यायच्या विचारात आहात, असं नणंदबाईंकडून कळलं. कृपा करून नको. द्यायचंच असेल तर तुमची विटलेली सुती बनियनं द्या, धुऊन मऊ झालेली. इथे सगळे ऑइलची पट्टी कागदी टॉवेलने पुसतात, त्याचे तंतू पट्टीला चिकटतात आणि पातळी नीट दिसत नाही. चिरंजीवांची बनियनं मी दोनदा मागितली, ते म्हणतात अजून वर्षभर जातील.

तुमची सून