ऑटो आहे, समज नाही

जाहिरातीतल्या स्मार्ट घरात हुकूम सोडला की दिवा निळा होतो, पडदा सरकतो. वऱ्हाडातल्या घराला निळा दिवा नको आहे. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, लाइन येते-जाते आणि बोअर कधी कोरडी पडेल सांगता येत नाही. इथे टाकी, मोटर, कूलर आणि इन्व्हर्टर यांना एकमेकांची खबर हवी. टाकी भरली तर मोटर बंद व्हावी. बोअरचं पाणी तुटलं तर मोटर जळण्याआधी थांबावी. घर इन्व्हर्टरवर असेल तर गिझर लागूच नये.

आपोआप चालणारं यंत्र आपल्याला नवं नाही. शेतातला ‘ऑटो’ स्मार्ट हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीचा. लाइन आली की मोटर सुरू. शेतकऱ्याने तो हौसेने बसवलेला नाही. कृषी फीडरला थ्री फेज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोनला ओलिताला जायचं म्हणजे पायाखाली साप आणि धुऱ्यावर रानडुक्कर.

पण गेलेली लाइन परत येते तेव्हा एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे ऑटो एकाच क्षणी मोटरा उचलतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं, फ्यूज उडतो, डीपी जळते. ऐन हरभऱ्याच्या ओलितात डीपी जळाली तर नवी येईपर्यंत पीक वाट पाहत नाही. महावितरण वर्षानुवर्षे सांगतं, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा. कपॅसिटर लावलाच पाहिजे. ऑटो काढा हे मात्र मला मान्य नाही. रात्रीची लाइन देऊन माणसाला अंधारात पाठवणं हा उपाय नव्हे. दोष एवढाच की एका ऑटोला दुसऱ्याचा पत्ता नसतो. प्रत्येक स्टार्टरला टायमर लावा: पहिली मोटर एका मिनिटाने, दुसरी दोन मिनिटांनी, तिसरी तीन. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून पाळी ठरवायची. त्याला ना इंटरनेट लागतं, ना अ‍ॅप.

आणि वीज तर इथेच तयार होते: अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औष्णिक केंद्राची क्षमता 1350 मेगावॅट. त्याला पाणी देण्याविरोधात अप्पर वर्धा धरणाच्या लाभक्षेत्रातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. त्या केंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात त्या शिवारात डीपी जळणं तर कुणीच गृहीत धरू नये.

घरातही दुखणं तेच. दिवा एका कंपनीचा, प्लग दुसरीचा, कॅमेरा तिसरीचा. तीन अ‍ॅप, तीन पासवर्ड, आणि तिन्ही कुठल्याशा दूरच्या सर्व्हरला विचारून हलतात. नेट गेलं की मुके. सर्व्हर बंद झाला तर कायमचेच. अमेरिकेत हे घडलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातली सगळी उपकरणं जोडणारा डबा लोकांनी पैसे मोजून घेतला. 2014 साली नेस्ट या कंपनीने तो डबा बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये तिची सेवाच बंद केली. धडधाकट डबे निकामी झाले.

म्हणूनच 2022 साली ‘मॅटर’ हे सामाईक मानक आलं, ही मोठी गोष्ट आहे. अ‍ॅपल, गुगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग या स्पर्धकांनी मिळून ते मानलं. त्याची उपकरणं घरातल्या घरात बोलतात. मे 2024 मध्ये त्यात पाण्याचे वाल्व आणि विजेच्या वापराची नोंदही आली. हे वऱ्हाडाच्या कामाचं.

आता महावितरणकडे एक मागणी. टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे, मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर जुलै 2025 पासून सवलत जाहीर झाली, युनिटमागे 80 पैशांपासून पुढे. म्हणजे स्वस्त वीज कधी, हे मीटरला कळतं. मग ती वेळ मोटरलाही कळू द्या! मीटरमधली माहिती ग्राहकाच्या घरातल्या यंत्रांना खुली करा. टाकी दुपारी आपोआप भरेल, संध्याकाळचा भारही हलका होईल.

आणि अमरावतीच्या बाजारात स्मार्ट प्लग घ्यायला गेलात तर दुकानदाराला आधी नेट बंद करायला सांगा, मग प्लग चालवून दाखवायला सांगा. चालला तरच पैसे द्या.