झेला आहे का हो, वहिनी?

अहो वहिनी, झेला आहे का तुमच्याकडे? आंबे काढायला नकोय हो, तुमचे आंबे तुम्हाला लखलाभ. ते बघा, वरच्या फांदीत पांढरं काहीतरी अडकलंय, दिसलं? नातवाचं विमान आहे. थर्माकोलचं, हातानं फेकायचं. छे छे, ह्यांचं नाही! ह्यांचं आता तुमच्याकडे येत नाही. ह्यांचं अडकलं तर क्लबाच्या माळावरच्या बाभळीत अडकतं.

म्हणजे काय, सांगितलं नव्हतं मी? क्लबात जातात हे दर रविवारी. पत्त्यांच्या नाही हो, विमानांच्या. रेडिओवर चालणारी छोटी विमानं असतात ना, त्यांच्या. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या कुरडयांत पडलं होतं, आठवतंय? तिथूनच सगळं सुरू झालं. त्या कुरडयांचं मला अजून वाईट वाटतं. एक साडीभर होत्या.

ह्यांचं तुम्हाला माहीतच आहे. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने घरातले नळ दुरुस्त केले. चांगले चालणारेसुद्धा. मग एक दिवस इंटरनेटवरून हे भलंमोठं खोकं आलं. आत काय, तर स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. गच्चीवर गेले आणि सोडलं. ११ सेकंद उडालं, वहिनी. लेकीनं मोबाइलवर घेतलंय म्हणून आकडा सांगते. त्यातले पहिले तीन सेकंद मीच "अहो, नको" म्हणतेय.

मग ते तुकडे पिशवीत घालून क्लबात गेले. तिथे एक मास्तर आहेत, एअर फोर्समधून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे, चिकटवून दिवाणखान्यात टांगा." शिकणाऱ्यानं म्हणे ट्रेनर घ्यायचं असतं. त्याचे पंख धडाच्या वर असतात आणि टोकांशी जरासे उचललेले असतात. कलंडलं तरी आपलंआपण सरळ व्हायला बघतं. लढाऊ विमान म्हणजे शर्यतीचा घोडा, जरा हळू केलं की एक पंख टाकतं आणि गरकन खाली. वर ह्यांचा रेडिओसुद्धा उलटा निघाला! हो ना, त्यातही डावे-उजवे असतात. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वापरतात, त्यात वेग डाव्या हाताला. ह्यांनी घेतला होता मोड १, वेग उजव्या हाताला. स्वस्त मिळाला म्हणून. मी मेली उगीच तुमच्या गच्चीवरच्या वाऱ्याला दोष देत होते.

आणि गच्चीवरून उडवायचंच नसतं मुळी. मास्तरांनी ह्यांना चांगलंच झापलं. २०२१ पासून ड्रोनचे नियम आलेत ना, त्यात ही विमानंही येतात. सरकारी नकाशा असतो, लाल, पिवळा, हिरवा. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि लालात परवानगीशिवाय नावच काढायचं नाही. आपल्या पुण्यात इकडे लोहगावचा विमानतळ, तोही एअर फोर्सचा, तिकडे खडकवासल्याला एनडीए. म्हणून ह्यांचा क्लब पार गावाबाहेर. शेतकऱ्याचा माळ भाड्यानं घेतलाय आणि मुरूम टाकून धावपट्टी केलीय. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत होतं. तेव्हा सगळे घरी बसून कॉम्प्युटरवर विमानं पाडतात.

गंमत सांगू? ह्यांना शिकवायला मास्तरांनी कुणाला दिलं असेल? कॉलेजातल्या एका पोराला. एकोणीस वर्षांचा आहे. मी म्हटलं, झालं, आठवड्यात भांडून घरी येतील. आजवर जावयाचंसुद्धा ऐकलं नाही कधी. तर कसलं काय! त्या पोराला "सर" म्हणतात, वहिनी. माझ्या कानांनी ऐकलं. आणि तो ह्यांना "काका, अंगठे सैल" असं ओरडतो.

गेले होते की मी. दोनदा. काय ते उडवतात म्हणून बघून यावं म्हटलं. सकाळी साडेसहाला माळावर, वारा सुटायच्या आत. दोन रेडिओ जोडलेले असतात, एक सरांकडे, एक ह्यांच्याकडे. सरांनी एक खटका दाबून धरला की विमान ह्यांच्या ताब्यात. ह्यांनी गडबड केली की ते खटका सोडतात, विमान परत सरांकडे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना, तसंच. पहिल्या दिवशी त्या पोरानं खटका इतक्या वेळा सोडला की मला त्याच्या बोटाची काळजी वाटायला लागली.

अवघड काय आहे सांगते. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर डावं ते डावं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. विमानाचं डावं आपल्या उजव्या हाताला. ह्यांचा घोळ दर वेळी तिथेच. सावरायला म्हणून काडी हलवायची आणि ते आणखीच कलंडायचं. मग त्या पोरानं एक युक्ती सांगितली: "काका, डावं-उजवं विसरा. तोंड आपल्याकडे असताना जो पंख खाली झुकेल ना, काडी त्याच बाजूला न्यायची. त्या पंखाला खालून टेकू दिल्यासारखी." इतकं सोपं! पुढच्या वळणावर पंख झुकला, ह्यांनी टेकू दिला आणि विमान आपलं सरळ. मी थर्मासचं झाकण हातात धरून तशीच उभी. चहा साडीवर सांडला ते घरी आल्यावर कळलं.

उतरवणं त्याहून अवघड. हळू तर करायचं, पण इतकं नाही की हवेतच पंख टाकेल. एकाची मोटर वरच बंद पडली तर तो "डेडस्टिक!" असं ओरडला, आणि बाकीच्यांनी लगेच आपापली विमानं बाजूला नेली, त्याला जागा दिली. आपल्या लक्ष्मी रोडवर जमेल का हो हे?

शिस्त भारी पण. आधी रेडिओ चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना बरोबर उलटं. पंख्यासमोर उभं राहायचं नाही, बोटं जातात. दिवसातलं पहिलं उड्डाण करण्याआधी रेडिओची ताकद मुद्दाम कमी करून तीसेक पावलं लांब चालत जायचं, तिथूनही विमानाचं शेपूट हलतं का ते बघायचं. घरात गॅस चालू ठेवून पेपर वाचणारा माणूस हे सगळं न चुकता करतो.

आणि हे चिमटे बघितलेत, कपड्यांचे? आता वाळत घालतेय म्हणून आठवलं. पूर्वी म्हणे दोघांचे रेडिओ एकाच चॅनेलवर आले की एकाचं विमान दुसऱ्याच्या रेडिओनं भरकटायचं. म्हणून फळ्यावर प्रत्येक चॅनेलचा एक चिमटा लावलेला असायचा. तो ज्याच्या हातात, त्यानंच रेडिओ लावायचा. मास्तर सांगत होते, चिमटा खिशात घालून घरी गेलेल्या माणसाला अख्खा क्लब शिव्या घालायचा. आता ते २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आलेत, विमान आपल्याच रेडिओला ओळखतं. चिमटे गेले. मास्तरांना हळहळ वाटते, मला नाही. माझे चिमटे वाचले.

बाकी काही वाचलं नाही हं. माझा जुना माठ गेला. त्यात वाळू घालून बॅटऱ्या ठेवल्यात. लिथियमच्या असतात, फुगल्या की पेट घेतात म्हणे. एकेका सेलला भरताना ४.२ व्होल्ट, आणि उडवायचं नसेल तर ३.८ वर आणून ठेवायचं. चार्ज होत असताना हे शेजारी खुर्ची टाकून बसतात. बाळंतिणीजवळसुद्धा इतके बसले नव्हते! माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा गेला, त्यावर मोटरी आणि पंखे मोजतात. इस्त्री तर बोलूच नका. बाल्साच्या लाकडाचा सांगाडा करतात ना, त्यावर रंगीत प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवायचा आणि इस्त्री फिरवली की तो आकसून घट्ट बसतो. माझ्या नव्या कोट्याच्या साडीवर लाल डाग कसला, हे मला आठवडाभरानं समजलं.

नातवाच्या त्या विमानाचंही तेच. ह्यांनी आधी साधा झटपट चिकटणारा गोंद लावला, तर थर्माकोल विरघळून ही भोकं पडली. मग क्लबात जाऊन विचारून आले, थर्माकोलला चालणारा निराळा मिळतो. मग नाकात एक रुपयाचं नाणं खोचलं, दोन बोटांवर पंख तोलून बघितले. मास्तर म्हणतात, नाक जड झालं तर विमान रडतखडत उडतं, शेपूट जड झालं तर एकदाच उडतं. चांगलं उडालं हो. तुमच्या आंब्यापर्यंत गेलं म्हणजे बघा.

खर्चाचं विचारता? क्लबाची वर्गणी काही फार नाही. बाकीचं मी विचारत नाही आणि हे सांगत नाहीत. पण आता नवीन काही घेणार नाही म्हणून गौरीगणपतीत देवासमोर कबूल केलंय. ट्रेनर एकट्यानं नीट उतरवता येईपर्यंत तरी.

हां, आणा झेला. अगंबाई, हे तुमच्या जिन्याखाली लांबडं खोकं कसलं? तुमचं नाही? मग? ... ह्यांनी ठेवायला दिलंय? कधी? गुरुवारी! आणि तुम्ही मला आज चार दिवस रोज कुंपणाशी भेटताय!

आणा बघू इकडे. लांबी साधारण... चार फूट. म्हणजे पंख बाराशे मिलिमीटरच्या आसपास असणार. चित्रात बघा, पंख खाली आहेत. धडाच्या खाली. लो-विंग म्हणतात याला, वहिनी. ट्रेनरचा गेल्या रविवारी तिसरा पंखा मोडला आणि निघाले लो-विंग उडवायला!

नको, राहू द्या. होतं तिथेच ठेवा. मी बघितलं म्हणून सांगू नका. घरी कसं नेतात ते बघायचंय मला. आणि रविवारी कुरडया गच्चीवर घालू नका.