बोटांचा परस्पर कारभार

मुंबईतल्या मिरवणुकीपासून कोकणातल्या हळदीपर्यंत ज्याच्यावाचून कार्य शोभत नाही, तो आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग; आणि त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती १९१२ साली जपानातल्या नागोया शहरी, गोरो मोरिता नामक गृहस्थाने टंकलेखन यंत्रावरून स्फूर्ती घेऊन तारांवर बटणे बसविली, तेथे जाऊन पोहोचते. कचेरीतल्या यंत्राच्या या वंशजाला वश करावयाचे, तर वादकाला कचेरीची शिस्त मात्र साफ विसरावी लागते, हा दैवदुर्विलास मला मोठा रम्य वाटतो.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक बेंजोवादक राहतात. कोमल निषाद कोणता, असे विचारल्यास ते विनयपूर्वक बीडी पेटवितात. परंतु कोणाच्या खिडकीतून अपरिचित गाणे ऐकू आले, की त्याचे दुसरे कडवे संपण्यापूर्वी त्यांचा डावा हात बटणांवरून आणि उजव्या हातातली नखी तारांवरून ते बिनतक्रार वाजवू लागते. उलट मी संगीताच्या परीक्षा रीतसर उत्तीर्ण झालेला इसम असल्यामुळे, माझ्या कानाने आणलेला सुरांचा अर्ज मेंदूतला पेशकार प्रथम दाखल करून घेतो, स्वर शुद्ध की कोमल याची तहकिकात करतो, त्यावर शेरा मारतो, आणि बोटांच्या नावे हुकूम रवाना होईपर्यंत वरात लग्नघरी पोचून पंगतही उठलेली असते.

हा पेशकार बडतर्फ करण्याची त्यांची रीत विलक्षण साधी आहे. जे गळ्यातून निघत नाही ते बोटातून निघणार नाही, या न्यायाने चाल आधी गुणगुणावयाची. मग मुखडा तेवढा संथपणे, बटणांकडे न पाहता वाजवावयाचा. आणि तो बसला असे वाटताच सा बदलून निराळ्या पट्टीत तोच मुखडा पुन्हा काढावयाचा. बटणे जागच्या जागी खिळलेली असल्याने सा हलला की सारा नकाशाच बदलतो, आणि बोटांना बटणांचे पत्ते पाठ करण्याऐवजी दोन स्वरांमधले अंतर ओळखणे भाग पडते. सगळे मर्म येथेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यांची दुसरी सक्ती अधिक जाचक. अंतऱ्याच्या मधल्याच ओळीपासून आरंभ करा, असे ते फर्मावतात, आणि दफ्तर पहिल्या पानापासून चाळल्याविना कागद न सापडणाऱ्या माझ्या स्मरणशक्तीला गुपचूप मुखड्याकडे धाव घ्यावी लागते. पण मिरवणुकीत ॲम्प्लिफायरची हातगाडी खड्ड्यात अडकून गाणे मध्येच तुटते, तेव्हा नाचणारी मंडळी मुखड्याची वाट पाहत थांबत नाहीत. तेवढ्यात कोणी कोळीगीताची फर्माईश करतो, आणि तीही जागच्या जागी मंजूर करावी लागते. मुखड्यापासूनच वाजविणाऱ्या वादकाला दुसऱ्या वर्षी सुपारी मिळत नाही.

तेव्हा वाचकांपैकी कोणास बेंजोचा नाद लागलाच, तर बटणांवर चिकटविलेले आकडे त्याने पहिल्याच दिवशी खरवडून काढावेत. आणि बिऱ्हाड चाळीत असल्यास दुपारी दोन ते चार ॲम्प्लिफायरची वायर काढून ठेवावी, ही शेजाऱ्यांच्या वतीने नम्र विनंती.