मुक्काम झाशी, गिअर पहिला

पेणच्या एका निवृत्त गुरुजींनी सप्टेंबर २०२५ मध्ये झाशीला जायचे ठरवले, त्याला जबाबदार विष्णुभट गोडसे. भटजी पेणजवळच्या वरसईचे. १८५७ साली ते दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले. दक्षिणा राहिली बाजूला, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि तोफगोळे नि लूट पाहून परत आले. ही हकीगत त्यांनी १८८३ साली लिहून काढली, १९०७ साली ती ‘माझा प्रवास’ म्हणून छापली गेली. एकदा तरी झाशी पाहून यावी असे गुरुजींना ते पुस्तक वाचल्यापासून चाळीस वर्षे वाटत होते. निवृत्तीनंतर त्यांनी नुसते वाटणे बंद केले आणि तिकीट काढले.

भटजी पायी गेले होते. गुरुजी संध्याकाळी कल्याणला पंजाब मेलमध्ये बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले. स्टेशनचे नाव २०२१ च्या अखेरीस बदलून ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ झाले आहे. फलाटावरची माणसे मात्र अजून नुसते ‘झांसी’ म्हणतात, कारण बोगी शोधत धावताना तेवढेच तोंडात मावते.

उतरवून घ्यायला भाची आली होती. गुरुजींची मामेबहीण झाशीच्या जुन्या मराठी घरात दिलेली. नेवाळकर राजांच्या काळापासून तिथे राहिलेली ही घरे. घरात मराठी बोलतात, पण ते मराठी हिंदीच्या पाण्यात इतकी वर्षे भिजले आहे की त्याला वेगळीच चव आली आहे. भाची वय वर्षे एकोणीस, कॉलेजात. तिने वाकून नमस्कार केला आणि पहिलेच वाक्य टाकले, “मामा, गाडी आणली आहे, पण तुम्हाला बसवू शकत नाही. लर्निंग आहे.”

गुरुजींना वाटले, ही काही आजाराची तक्रार असावी.

तो आजार म्हणजे मोटरसायकलचे शिकाऊ लायसन. उत्तर प्रदेशात आधार कार्ड असले की त्याची परीक्षा घरबसल्या देता येते, ती भाचीने स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून दिली होती. त्यानंतर तीस दिवस थांबायचे, मग पक्क्या लायसनची परीक्षा. शिकाऊ लायसन सहा महिने चालते. गाडीला पुढेमागे पांढऱ्या चौकोनावर लाल ‘एल’ लावायचा. चौकोन अठरा सेंटिमीटरचा, अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच आणि दोन सेंटिमीटर जाड, इतका बारीक तपशील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिला आहे. भाचीने तो पट्टी लावून मोजला होता. मुलगी आपल्यावर गेली आहे, हे गुरुजींना तिथल्या तिथे कळले. ते मुकाट्याने ई-रिक्षात बसले आणि भाची स्प्लेंडरवरून रिक्षाच्या मागे मागे आली. चौकाचौकात रिक्षावाला मागे वळून विचारत होता, “बिटिया पीछा काहे कर रही है?”

दुसऱ्या दिवशी किल्ला. ओरछाच्या बीरसिंह देवाने १६१३ च्या सुमारास बांधलेला, पुढे मराठ्यांच्या ताब्यात आलेला. ‘कडक बिजली’ तोफ पाहून झाल्यावर वाटाड्याने सगळ्यांना तटाच्या कडेला नेले. राणीने पाठीवर मूल बांधून इथूनच घोड्यासकट उडी टाकली, असे सांगून तो दोन पावले मागे सरला. बहुतेक इतिहासकार उडीऐवजी भांडेरी दरवाज्याचे नाव घेतात, हे गुरुजींच्या जिभेच्या टोकावर आले होते. पण त्यांनी खाली पाहिले, वाटाड्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि ते सत्य पेणपर्यंत जपून न्यायचे ठरवले.

भाचीला वेगळाच प्रश्न पडला होता. “मामा, मागे दामोदर होता ना? मग डबलसीट झाली.”

दामोदरला दत्तक घेतले १८५३ साली; म्हणजे १८५८ च्या एप्रिलात तो पुतळ्यांत दिसतो तसा तान्हा नव्हता, चार वर्षांच्या वर तर नक्कीच होता. आणि आजचा कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घाला म्हणतो. चारच्या आतल्या मुलासाठी तर २०२२ साली स्वतंत्र नियम आला: मुलाला पट्ट्यांनी चालकाच्या अंगाशी बांधायचे आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत ठेवायचा. राणीने शेल्याने जे केले, ते कायद्यात उतरायला एकशे चौसष्ट वर्षे लागली. वेगाची अट तिने पाळली असती, तर मागावरच्या घोडदळाची सोय झाली असती.

“आणि शिकाऊ माणसाने मागे कोणालाच बसवायचे नाही?” गुरुजींनी विचारले.

“फक्त शिकवणाऱ्याला. त्याच्याकडे पक्के लायसन पाहिजे.”

गुरुजींचे डोळे चमकले. छत्तीस वर्षे शिकवण्यात गेलेला माणूस. शिवाय खिशात लायसन, तेही प्लॅस्टिकच्या वेष्टनात.

स्प्लेंडर सेकंडहँड होती. नंबर यूपी ९३, झाशीचाच. विकणाऱ्याने ‘एक हाताची’ सांगून दिलेली. तो हात कोणाचा, हे सांगितले नव्हते. गुरुजींना भटजींच्या पुस्तकातली गोष्ट आठवली. दिसायला सारखे दोन घोडे. बाईसाहेबांनी दोन्हींवर रपेट केली आणि एकाला चांगली किंमत सांगून दुसरा कवडीमोल ठरवला, कारण तो छातीत दुखावलेला होता. गुरुजींनीही गाडीला कान लावला, चैन बोटाने हलवून पाहिली, हँडल दोन्हीकडे वळवले आणि निकाल दिला, “छाती ठीक आहे.” मग किक मारली. गाडी तिसऱ्या किकला छातीतूनच खोकली.

पेट्रोल भरायला गेले तर पंपावर निराळाच सोहळा. त्या महिनाभर राज्यात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम चालू होती. रांगेत बारा गाड्या आणि हेल्मेटे चार. पेट्रोल भरून झालेला माणूस हेल्मेट काढून मागच्याला द्यायचा, मागचा ते डोक्यावर टेकवायचा, आणि असे करत एक काळे हेल्मेट लग्नातल्या अत्तरदाणीसारखे सगळ्या रांगेतून फिरून आले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची, आणि हेल्मेट नसलेली पन्नास हजारांवर. रांगेतल्या कोणाला हे विचारले असते तर त्याने आधी हेल्मेट परत मागितले असते. भाची मात्र स्वतःचे घालून आली होती आणि कोणालाही द्यायला तयार नव्हती. “उवा होतात,” ती म्हणाली. कायद्याचे इतके ठाम समर्थन पंपावर त्या दिवशी दुसरे कोणी केले नाही.

शिकवणी गावाबाहेरच्या मैदानावर. एका कडेला क्रिकेट, दुसऱ्या कडेला म्हशी, मधल्या पट्ट्यात भाची. गुरुजी मागे बसले आणि सूचना सुरू झाल्या.

इथे गुरुजींचा पूर्वेतिहास सांगणे भाग आहे. ते गाडी शिकले जुन्या बुलेटवर. त्या बुलेटचे सगळेच उलटे: गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. चालू करायची म्हणजे अनुष्ठानच. किक हळूहळू दाबत टाकीपुढच्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डाव्या हाताची छोटी कळ दाबून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक आणखी जराशी सरकवायची, कळ सोडायची आणि मग सगळ्या अंगाचा भार टाकायचा. चुकले तर किक उलटी येऊन पोटरीला असा प्रसाद देते की माणूस आठ दिवस जिना एका पायाने चढतो. हे सगळे गुरुजींच्या अंगात इतके मुरले होते की शरीराचा डावा भाग देवाने ब्रेकसाठीच दिला आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

म्हशींपैकी एक संथपणे पट्ट्यात आली.

“ब्रेक!” गुरुजी ओरडले. “पाय! डावा पाय! दाब!”

भाची आज्ञाधारक. तिने दाबला. स्प्लेंडरचा डावा पाय म्हणजे गिअर, आणि तिचे चारही गिअर खाली दाबूनच पडतात. गाडी पहिल्याची दुसऱ्यात गेली. “अजून दाब!” तिसऱ्यात गेली. एवढ्या कमी वेगात तिसरा गिअर इंजिनाला झेपेना. गाडी हिवताप आल्यासारखी थरथरली, दोन आचके दिले आणि म्हशीच्या पोटापासून वीतभर अंतरावर बंद पडली. म्हशीने मान वळवून दोघांना पाहिले आणि रवंथ चालू ठेवला.

मैदानाच्या कडेला पंक्चर काढणारा एक म्हातारा मिस्त्री हे तीन दिवस पाहत होता. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. त्याने दोन जुने टायर आणले, सहा पावलांवर ठेवले आणि म्हणाला, “आठ बनाओ.” परीक्षेत हाच आठ. दोन टायरांभोवती आठचा आकडा काढायचा, पाय जमिनीला लागला की संपले. भाची सुसाट आली आणि दुसऱ्याच वळणावर सरळ म्हशींकडे निघाली. मिस्त्रीने हात वर केला. “भैंस खों देखहौ, तो भैंस मेंईं जैहौ.” म्हशीकडे पाहाल तर म्हशीतच जाल, जायचे तिकडे मान वळवा. क्लच अर्धा धरा, वेग इंजिनावर सोडा, मागचा ब्रेक पायाने नुसता चाटून ठेवा, पुढच्याला वळणात हात लावू नका. गुरुजींनी हे सगळे वहीत उतरवून घेतले. मागच्या सीटवरून मात्र ते उठले नाहीत.

परत येताना चौकात हवालदाराने हात केला. भाचीने हेल्मेट, विमा, शिकाऊ लायसन, पुढचा ‘एल’, मागचा ‘एल’, सगळे क्रमाने दाखवले. हवालदार खूश झाला. मग त्याने मागे पाहिले.

“ये कौन?”

“उस्ताद,” भाची म्हणाली.

“उस्तादजी का लाइसेंस?”

गुरुजींनी रुबाबात प्लॅस्टिकचे वेष्टन पुढे केले. हवालदाराने ते उन्हात धरले, जवळ आणले, लांब नेले. मुदत संपून सात वर्षे झाली होती. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरण केले तर ठीक. वर्ष उलटले की परीक्षा पहिल्यापासून. शिवाय चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचा दाखलाही लागतो.

“बिटिया को सब आता है,” हवालदार लायसन परत देत म्हणाला. “उस्ताद को सिखाइए.”

पावती फाडली नाही, पण उस्तादांना उतरवले. भाची पुढे एकटी गेली आणि गुरुजी गणेश मंदिराच्या वाटेने घरी निघाले. १८४२ साली राणीचे लग्न लागले असे सांगतात ते हेच मंदिर. सकाळी ते रिक्षातून पाहिले होते, तेव्हा दारावरची नक्षी दिसली नव्हती. भटजींच्या झाशीत ते आता खऱ्या अर्थाने, म्हणजे पायी, फिरत होते.

रात्री झोप येईना म्हणून गुरुजींनी पुस्तक उघडले. पूर्वी कैकदा वाचलेल्या पानावर राणीचा दिनक्रम होता: पहाटे उठून मल्लखांब, मग घोडा मंडळावर धरणे. मंडळावर, म्हणजे गोल रिंगणात. गुरुजी चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. गावातल्या पुतळ्यांत घोडा उधळलेला, पुढचे दोन पाय हवेत. पुस्तकातली बाई रोज पहाटे त्याला गोल गोल फिरवते आहे. त्यांनी पानाच्या समासात पेन्सिलीने एक आठ काढला. छत्तीस वर्षांत पुस्तकावर रेघ मारणाऱ्या पोरांना त्यांनी बाकावर उभे केले होते.

परीक्षा एकतिसाव्या दिवशी. मैदानावर मुलगे होते आणि घाईत होते. एक जण पहिल्याच वळणावर पाय टेकून बाद झाला. नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा, तीनदा झाला तर साठ दिवस थांबा, हा हिशेब बाहेरचा चहावाला कपात चहा ओतता ओतता सांगत होता. भाचीची पाळी आली. तिने आठ इतका सावकाश काढला की तपासणाऱ्याला घड्याळात पाहायला वेळ मिळाला. गाडी चालते आहे की उभी, असा प्रश्न पडावा. शेवटच्या वळणावर तिचे डोके टायरांपलीकडे, लांब कुठेतरी पाहत होते. पाय टेकला नाही.

तपासणाऱ्याने कागदावर शिक्का मारला. “धीरे चलाती हो,” तो म्हणाला. ही तक्रार होती की शाबासकी, हे भाचीला शेवटपर्यंत कळले नाही.

गुरुजी पेणला परतले ते दिवाळीच्या तोंडावर. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. शेजारच्या कारखान्यातून त्यांनी पांढऱ्या भुकटीची अर्धी पाटी मागून आणली आणि शाळेच्या मैदानावर मोठा आठ काढला. अक्षर मूळचे वळणदार. आठ चांगलाच उतरला. गाडी शेजाऱ्याकडून उसनी, गिअर डावीकडचे. बघे म्हणून चार माजी विद्यार्थी, आणि फुटबॉलच्या खांबाला टेकवून ठेवलेल्या फोनवर झाशीची भाची.

पहिला अर्धा गोल निर्विघ्न पार पडला. मधल्या छेदावर गाडी डुलली, गुरुजींनी पुस्तकात पाहावे तसे खाली पुढच्या चाकाकडे पाहिले, आणि त्यांचा डावा पाय चाळीस वर्षांच्या सवयीने ब्रेक शोधू लागला.

“मामा!” फोनमधून आवाज आला. “पाय! डावा नाही, मामा, उजवा पाय!”