तक्रारीची वेगळी वाट

टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर मी 2>&1 टाइप करतो तेव्हा मागे कोणीतरी उभं असावं, अशी माझी फार इच्छा असते. कोणी विचारलंच, "हे काय?", तर मी चष्मा वर सरकवून म्हणतो, "काही नाही, आउटपुट जरा वळवत होतो." जणू कोयनेचं पाणी!

ऑफिसातल्या नव्या मुलांना तर मी सोडतच नाही. त्यांनी 2>&1 आधी आणि फायलीचा बाण नंतर लिहिला, की माझ्या अंगात येतं. 1 म्हणजे कमांडच्या निकालाची वाट, 2 म्हणजे तक्रारीची. आणि आपण टाइप केलेलं चालवणारं शेल डावीकडून उजवीकडे वाचतं. '2 ला 1 च्या वाटेनं पाठव' म्हटलं त्या क्षणी 1 पडद्यावर असतो. पुढे तो फायलीत गेला तरी 2 आपला पडद्यावरच. हे मी इतक्या तन्मयतेनं समजावतो, की तोवर मुलांनी ते काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेलं असतं.

पण ही 2 नंबरची वाट आली कुठून, हे सांगितल्याशिवाय मला चहा जात नाही. न्यू जर्सीतलं मरे हिल, बेल लॅब्ज, 1970 चं दशक. निकाल फायलीत वळवणारे बाण होतेच; तिथला डग मॅकिलरॉय वर्षानुवर्षं मागे लागला, तेव्हा त्याचा सहकारी केन थॉम्पसननं 1973 मध्ये एका कमांडचा निकाल दुसरीला देणारा पाइपही दिला. निकाल आणि तक्रार मात्र एकाच वाटेनं जायचे. अशात तिथे फोटोटाइपसेटर आला. त्यातून निघालेला लांबलचक कागद एका घाणेरड्या वासाच्या यंत्रात घालायचा आणि अक्षरं उमटेपर्यंत ताटकळायचं. तिथल्याच स्टीव्ह जॉन्सननं आठवण सांगितली आहे : एका दुपारी बऱ्याच जणांच्या कागदावर एकच ओळ उमटली, सुबक टायपात. फाइल उघडता येत नाही! कुरकुर योग्य माणसांच्या कानांवर गेली आणि दोनेक दिवसांत स्टँडर्ड एरर, म्हणजे ही 2 नंबरची वाट, जन्माला आला. कुरकुरीतून जन्मलेली आणि कुरकुरीसाठीच राखून ठेवलेली दुसरी सोय मला ठाऊक नाही. निकाल कुठेही वळवा, तक्रार माणसासमोर आलीच पाहिजे.

आणि आम्ही काय करतो? 2>/डेव्ह/नल. तक्रार थेट गडप. बघणारं कोणी असलं की मी हे हमखास लिहितो. फायली शोधणारी फाइंड कमांड चालवल्यावर 'परमिशन डिनाइड'च्या रांगा लागल्या, तर बघणाऱ्याला वाटायचं, याला इथे कोणी विचारत नाही!

आईला शेल येत नाही, पण ही युक्ती उपजतच येते. फोनवर फक्त 1 येतो : पाऊस, भाजीचे भाव, शेजारच्यांच्या नातवाचं बारसं. गुडघ्यांचं विचारलं की "बरे आहेत रे." ते ऐकून मला हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याचा मग रात्री राग येतो.

एरर गिळली तरी कमांड जाताना एक आकडा ठेवून जाते. 0 म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. तो आपणहून दिसत नाही, $? लिहून मागावा लागतो. म्हणून हल्ली मी गुडघ्यांचं विचारतच नाही.

"यंदा गच्चीवर पापड घातलेस का गं?"

"यंदा विकतचेच आणले. चांगले मिळतात हल्ली."

आकडा कळला. मी हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आणि तिला कळवलं.

"तुला कोणी सांगितला हा शहाणपणा? चढतानाच तेवढा दुखतो, तोही डावाच! उतरताना काही नाही!"

कुठेही न वळवता, सगळं थेट माझ्या कानात.