काकूंचं लिंबू

बल्लारपुरात झाडाची किंमत ठरते ती सागावरून. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी इथून सागवान निघालं, तर त्याची वाजतगाजत शोभायात्रा निघाली. त्या सागाला जन्मात कोणी निंबोळी तेल फवारलं नव्हतं की ताक पाजलं नव्हतं. क्वार्टरमागच्या सांदवाडीतलं एक कागदी लिंबू मात्र अख्खी लाइन कामाला लावतं.

"काऊन जी, यंदा बी फूल नाही?" या प्रश्नाने सुरुवात होते. मग उपाय. आंबट ताक टाका, चुलीची राख टाका, खोडात खिळा ठोका. पेपर मिलमधून निवृत्त झालेले एक काका तर झाडाला दम द्यायला सांगतात: कुऱ्हाड घेऊन जायचं आणि 'तोडतोच आता' म्हणायचं. निदान खिळ्यापेक्षा हे बरं, झाडाला जखम तरी होत नाही.

खरा उपाय वरूड-काटोलच्या संत्रावाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. जमीन सुकते, पानं मलूल होतात, थोडी गळतातही. झाडाची वाढ थांबते. मग पाणी सोडलं की फुलं येतात. हलक्या जमिनीत हे लवकर जमतं, आपल्या काळ्या मातीला वेळ लागतो, कारण ती ओल धरून बसते. लिंबू संत्र्याचंच भावंड, त्यालाही हाच हिशेब लागू.

पण घरच्या झाडाचं पाणी तोडणार कोण? शेजारच्या काकू धुतलेल्या तांदळाचं पाणी लिंबाला घालतात, भांडी विसळलेलं घालतात, कूलर रिकामा केला की तेही तिथेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वर हिरवी नेट. मलूल पान दिसलं तर काकूंच्या घशाखाली चहा उतरत नाही. इतक्या लाडात लिंबू फुलेल कशाला? ते नुसती पालवी काढत बसतं.

आणि कोवळी पालवी आली की अळी आलीच. लहानपणी ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी, काळी-पांढरी. पानावर चिकटलेली असते आणि आपण 'चिमणीने घाण केली' म्हणून पुढे जातो. आठवड्याभरात ती हिरवीगार, बोटाएवढी. काडीने डिवचली की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तोवर अर्धी फांदी साफ झालेली असते. काकू तिला चिमट्याने उचलून कुंपणापलीकडे टाकतात. तिथे त्यांचाच कढीपत्ता आहे, आणि तोही तिला चालतो.

जांबाचं दुःख वेगळं. त्यात फळमाशीची अळी नाही निघाली तर वांदरं येतात, एकेक चावा घेऊन खाली टाकतात. जांबांना कोणी जुने मोजे बांधतं, कोणी साडीचे तुकडे. लांबून पाहिलं तर झाडाचे हातपाय मोडल्यासारखं दिसतं. कुंपणाची झुडपं किती वाढू द्यायची, हा प्रश्न तर आमच्याकडे बागकामाचा नाहीच. तो बिबट्याचा आहे.

गेल्या हिवाळ्यात काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. डिसेंबर-जानेवारी घराला कुलूप. आल्या त्या दिवशी लिंबू पार सुकलेलं. रडकुंडीला येऊन त्यांनी नळाचा पाइपच बुंध्याशी सोडला. काही आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरलं.

राखवाल्यांनी राखेचा गुण सांगितला. खिळेवाल्यांनी खिळा दाखवला. कुऱ्हाडवाले काका म्हणाले, "मी तवाच म्हटलो होतो, घाबरते ते." काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, दोन महिने पाणी नव्हतं म्हणून इतकीच आली, मी असते तर दुप्पट आली असती. आणि बादली भरायला गेल्या.