साठवलेल्या येसराचा हिशेब

भाच्या,

हे पत्र उघडं लिहितेय. आमच्या एकट्या गल्लीतली तीन लेकरं परदेशात आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून.

ताई तुझ्याकडे चार महिने राहून जिंतूरला परत आली. आल्या दिवशी नातवाचे फोटो दाखवले. चौथ्या दिवशी शेंगा फोडता फोडता तुझ्या फ्रीजरचं बोलली. 2021 सालचं ज्वारीचं पीठ, गाठसुद्धा न सोडलेलं. 2022 चा काळा मसाला, दोन किलो. आमटीच्या येसराचे चार डबे. जवसाची चटणी, कारळाची चटणी, खारोड्या. प्रत्येक पुडीवर तारीख तिच्याच हातची. आणि दर रविवारी फोनवर तू तिला काय सांगत होतास? "आई, मसाला संपत आलाय."

तुझा गुन्हा साठवण्याचा नाही, या वाक्याचा आहे. या वाक्यावर ती मे महिन्यात, गुडघे धरलेले असताना, मिरच्यांची देठं खुडत बसते. धने, खोबरं, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा भाजते. खाटाने रात्रभर खोकते. विमानात एका बॅगेला 23 किलो. तुझ्याकडे निघताना काटा पुढे सरकला, तेव्हा तिनं स्वतःचं स्वेटर बाहेर काढलं आणि येसराचा पाचवा डबा आत बसवला. ओहायोच्या थंडीत ती तुझ्या बायकोचं स्वेटर घालून हिंडली. त्याच घरात तिला आधीचे चार डबे जसेच्या तसे सापडले.

याला तू जपणं म्हणतोस?

तुझी भीती मला कळते. पटेल ब्रदर्सनं 1974 साली शिकागोत दुकान काढलं, आता ज्वारीचं पीठ तिकडे पिशवीत मिळतं. पण आपल्या मराठवाड्याचं येसर कोण विकणार? लग्नघरात जात्याला हळकुंड बांधून दळायची वस्तू ती. संपलं तर पुढच्या खेपेपर्यंत नाही, हे खरं. म्हणून तू डब्याला हातच लावत नाहीस आणि पिझ्झा मागवतोस.

अरे, साठवण आम्हाला शिकवू नकोस. तुझ्या आजोळी पेव होतं. तळाला नि कडेनं कडबा लावून त्यात ज्वारी भरायची, वरून मातीनं तोंड बंद. उघडताना आधी कंदील सोडून पाहायचं, आतली हवा माणूस मारते म्हणून. पण ते उघडायचंच. जुनी ज्वारी खायची, नवी भरायची. 1972 च्या दुष्काळात पेवं रिकामी झाली आणि रेशनवर तांबडा मिलो आला. लहान होते मी, रांगेत पिशवी धरून उभी राहिलेली आठवते. तो मिलो म्हणजे ज्वारीच, आणि आला होता तुझ्या अमेरिकेतून. आजही तिकडे कॅन्सासात ज्वारीची मैलोगणती शेतं आहेत, बहुतेक माल जनावरांना आणि इथेनॉलला जातो. ज्या देशात ज्वारी पिकते, तिथं तू पीठ चार वर्षं गोठवून ठेवलंस.

आणि पिठाचं काय होतं ते ऐक. दाणा अख्खा असतो तोवर त्याचं तेल कोंभात बंद असतं. दळला की ते तेल हवेला लागतं आणि पीठ कडवट होत जातं. फ्रीजरमध्ये हे हळू होतं, थांबत नाही. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, थोडीफार जी विरी असते ती पीठ जुनं झालं की जाते. त्या 2021 च्या पिठाची भाकरी ताईनं थापून पाहिली. उकळतं पाणी घातलं तरी तव्यावर जाईपर्यंत तीन ठिकाणी तडकली. जवस तर आणखी नाजूक, ओमेगा-3 वालं तेल सगळ्यात आधी खवट होतं. मसाल्यातलं खोबरंही तसंच. ताईनं दोन पुड्या उघडल्या, वास घेतला आणि काही न बोलता बांधून परत ठेवल्या. तुला दुखू नये म्हणून तुझ्या पाठीमागे फेकल्या नाहीत. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला तुझा फार राग आला. अजून आहे.

पुढच्या वेळी पीठ नेऊ नकोस. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी मोती' हे वाण आपल्या शेतात आहे, नेऊ देत असतील तर त्याचा दाणा घेऊन जा. घरगुती चक्की घे, लागेल तेवढंच दळ. नेतोस ते विमानतळावर लिहून दे, लपवू नकोस. मसाला पाव किलोच्या पुड्यांत ठेव, आणि जुनी पुडी आधी फोड. उरलेल्या येसराची आमटी या रविवारी कर. शेजारच्या तेलुगू कुटुंबाला बोलाव, तुझ्या लेकाला ताटलीत वाढ. तो तीन वर्षांचा झाला आणि घरात चार डबे असताना त्यानं येसर चाखलेलं नाही, हे ताईनं सांगितलं नव्हतं. मीच विचारून काढलं.

फेब्रुवारीत रब्बीची ज्वारी निघेल आणि मेमध्ये मिरच्या येतील. त्याआधी रिकाम्या कप्प्याचा फोटो ताईला पाठव. फोटो आला नाही तर यंदा तुझ्या नावाचा मसाला कुटला जाणार नाही. ताईला मी सांगितलंय आणि तिनं मान डोलावलीय.

तुझी मावशी,
जिंतूर